बोडीटोल्याचा कार्यक्रम संपन्न

४ जानेवारी, शनिवार

ही डायरी मेहुण्याच्या राईस मिलची. धनेंद्र दरवर्षी एक पाठवतो आणि दरवर्षी माझी बायको रुचि तिच्यात गॅस सिलिंडरच्या तारखा लिहिते. यंदा म्हटलं, मीच लिहीन. वीस वर्षं दुसऱ्यांच्याच बातम्या लिहितोय, थोडं आपलंही असू द्यावं.

निमित्त आहे विवेकच्या 'फिरत्या पडद्या'चं. विवेक माझा कॉलेजपासूनचा मित्र, गोंदियात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं प्रोजेक्टर घेतला. ज्या सिनेमांना थिएटर मिळत नाही, ते आम्ही गावोगावच्या सभागृहांत दाखवतो. आम्ही म्हणजे खरं तर तोच. तो तारा ओढतो, पडदा बांधतो. मी 'दैनिक पूर्वधारा'त बातमी देतो. पोटासाठी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण ओळख म्हणाल तर पूर्वधाराचा सांस्कृतिक वार्ताहर. रविवारी माझं 'रंगझाडी' हे सदर येतं. जिल्ह्यात नाटक-सिनेमावर नेमानं लिहिणारा मी एकटाच, असं लोक म्हणतात. मी कशाला म्हणू?

१८ तारखेला बोडीटोल्यात रविताचा सिनेमा आहे. त्याच गावची मुलगी, गोंदियात मोबाईलच्या दुकानात काम करते. मागच्या पावसाळ्यात, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, तिनं फोनवरच आपल्या आईचा सिनेमा काढला, 'रोवणीचे आठ दिवस'. बेचाळीस मिनिटांचा. बोडीटोला माझी सासुरवाडी, आणि धनेंद्र तिथला माजी सरपंच. सभागृहासाठी मीच त्याला फोन केला. अध्यक्षस्थान तुमचंच म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही त्यानं. माणूस सांभाळावा कसा, हे विवेकला जमत नाही.

११ जानेवारी, शनिवार

सदरासाठी रविताच्या आईला भेटून आलो. शामकलाबाई. घर बुद्धविहाराच्या मागे. अठरा वर्षं झाली लग्नाला, पण त्या मोहल्ल्यात आज पहिल्यांदा गेलो. काम नव्हतं कधी, दुसरं काय!

बाई फार बोलत नाहीत. तीस वर्षांपासून धनेंद्रकडेच रोवणीला जातात. दहा-बारा बायांची टोळी त्यांच्या शब्दावर चालते. सिनेमाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "आमच्यावर कायले सिनेमा? आमी रोवतो, घरी येतो." छान वाक्य. मथळ्यात घेतो.

रविता म्हणत होती, सर, लॅपटॉपवर दाखवते, बघून जा. मी म्हटलं, नको, मोठ्या पडद्यावर लोकांसोबत बघेन, त्यातच खरी मजा. शिवाय सासूबाई जेवायला थांबल्या होत्या. शामकलाबाई चहा ठेवत होत्या तर त्यांना सांगितलं, ॲसिडिटी आहे, डॉक्टरनं चहा बंद केलाय.

सासूबाईंनी, पार्वताबाईंनी, नव्या तांदळाची खीर केली होती. जेवण झाल्यावर धनेंद्रसोबत अंगणात बसून गप्पा झाल्या, दोन कप चहा झाला.

१८ जानेवारी, शनिवार

गोंदियाचं पान साडेपाचला बंद होतं, कारण पेपर नागपूरला छापतात. कार्यक्रम सातला. त्यामुळे चारलाच बातमी लिहून पाठवली. नवख्याला हे विचित्र वाटेल, पण इकडे सगळेच असं करतात. भूमिपूजन असो की भजनस्पर्धा, पाहुणे घरून निघायच्या आधीच आमच्याकडे ते येऊन, बोलून, हार घालून घेऊन गेलेले असतात. वीस वर्षांत एकदाच घोटाळा झाला, तोही अध्यक्षच त्या दुपारी वारले म्हणून.

बातमी चांगली उतरली. इथे उतरवून ठेवतो:

"बोडीटोला येथील सभागृहात काल रविता हिच्या 'रोवणीचे आठ दिवस' या चित्रपटाचे प्रदर्शन उत्साहात संपन्न झाले. गावकऱ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. अखेरपर्यंत एकही प्रेक्षक जागचा हलला नाही. अध्यक्षस्थानावरून माजी सरपंच धनेंद्र यांनी गावच्या लेकीचे कौतुक केले. चित्रपटातील मुख्य व्यक्ती शामकलाबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू तरळले."

आता साडेसहा झालेत. जायचं होतं, पण थंडी मरणाची आहे आणि गाडीवर तीस किलोमीटर. रुचिनं लाखोळीच्या डाळीचे वडे काढलेत. विवेकला फोन केला, दुकानात काम निघालं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरं. बातमी गेली आहे, म्हणजे आपलं काम झालंच.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी पेपर बघितला. पान पाच, चार कॉलम, रविताचा फोटो. आठला धनेंद्रचा फोन आला: "जवाईबापू, बातमी एक नंबर." खूश होता. मीही खूश होतो.

अकराला विवेक आला. स्टूल दिलं तर बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. सिनेमा चौदा मिनिटं चालला. मग दुपारच्या जेवणाचा प्रसंग आला. बांधावर बाया ओळीनं ओंजळी धरून वाकल्यात आणि पार्वताबाई वरून तांब्यानं पाणी ओततायत. तांब्या कुणाच्या हाताला लागणार नाही इतक्या वरून. कोणी काही बोलत नाही. अर्धा मिनिट. बस.

धनेंद्र पुढच्या खुर्चीवरून उठला आणि त्यानं बोर्डातून प्रोजेक्टरची पिन ओढली. "माह्या मायची बदनामी करता?" म्हणाला. त्याचा माणूस उदाराम, त्यानं सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. शाल-श्रीफळ टेबलावरच राहिलं.

विवेकनं माझ्या काउंटरवर पेपर ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचली: "अखेरपर्यंत एकही प्रेक्षक जागचा हलला नाही." पेपर तिथेच ठेवून गेला.

मी काय करणार होतो? मला काय माहीत असं होईल! पण दिवसभर दुसरीच गोष्ट खाते आहे. तो प्रसंग मी दरवर्षी बघतो. रोवणीला सासुरवाडीला गेलो की मोहाच्या झाडाखाली माझ्यासाठी खाट टाकतात, तिथून सगळं समोरच दिसतं. आमच्या आईचीही तीच पद्धत होती. त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही. मी सांस्कृतिक वार्ताहर.

२१ जानेवारी, मंगळवार

रविता दुकानात आली. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं समोरच्या मुलाचं आधार कार्ड झेरॉक्स होईपर्यंत वाट बघितली, मग विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या खुर्चीवर बसून होते?"

मी म्हटलं, अगं, पान साडेपाचला बंद होतं.

ती म्हणाली, काल ठाण्यात तक्रार द्यायला गेली होती. सिनेमा जबरदस्तीनं बंद पाडला, आईला आणि बायांना हाकललं, म्हणून. जमादारानं ड्रॉवरमधून माझी बातमी काढून दाखवली. म्हणाला, बाई, पेपरात तर कौतुक छापून आलं, सत्कार झाला म्हणून आलं, आणि तू म्हणते बंद पाडला. खोटी तक्रार देते काय? घेतली नाही.

"त्याच्याजवळ आधीच कटिंग होती, सर," ती म्हणाली. "कोणीतरी देऊन ठेवली."

मी खुलासा छापून आणतो असं कबूल केलं. ती बरं म्हणाली आणि गेली. खुलासा छापून येईल यावर तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. माझाही बसला नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी उदाराम आला. पिशवीतून तीच कटिंग काढली. "जवाईबापू, याच्या वीस कॉप्या द्या. अना एक लॅमिनेशन."

कायले लागते, विचारलं. म्हणाला, मालकानं सांगितलं, सभागृहात लावायची हाये.

नाही म्हणता आलं असतं. मशीन बंद आहे, कार्ट्रिज संपलं, काहीही. पण उदाराम अठरा वर्षांपासून माझ्या बॅगा उचलतो, आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं. वीस कॉप्या काढल्या. माझंच नाव वीसदा त्या ट्रेमध्ये येऊन पडलं. लॅमिनेशनला मात्र कोपऱ्यात बुडबुडा राहिला. उदाराम म्हणाला, चालते जी.

मी घाबरट आहे. हे लिहून काही सुटका होत नाही, पण लिहून ठेवतो.

२५ जानेवारी, शनिवार

खेमराजकडे गेलो. तो पूर्वधाराचा गोंदियाचा प्रमुख. खुलासा लिहूनच नेला होता: प्रदर्शन चौदाव्या मिनिटाला बंद पाडण्यात आले, प्रतिनिधी उपस्थित नव्हता. त्यानं वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"अरे यार लीलाधर, हे छापलं तर लोक विचारतील बाकीच्या बातम्यांचं काय. कल को सब आ जाएंगे. तुझ्या एका सिनेमासाठी मी पूर्ण पान खोटं ठरवू काय?"

मी खुलासा खिशात ठेवला. पूर्ण पान तसंच असतं हे मला माहीत आहे.

घरी रुचिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "माझी आई वाईट बाई नाही." मी म्हटलं, नाहीच. ती म्हणाली, "मग तो सिनेमा बंदच होऊन राहिलेला बरा." तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. किंबहुना तिच्या जागीच आहे मी.

२६ जानेवारी, रविवार

बोडीटोल्यात ग्रामसभा होती. रवितानं सिनेमा पुन्हा दाखवायची परवानगी मागणारा अर्ज दिला होता. आज उठून सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं ठरवूनच गेलो. रस्त्यानं वाक्यं पाठ केली. दवनीवाड्याला थांबून पाणी प्यायलो, पुन्हा पाठ केली.

सभागृहात पोचलो तर धनेंद्रनं हाक मारली, पत्रकार म्हणून स्टेजवर खुर्ची दिली, गुलाबाचं फूल दिलं. माझ्या डाव्या हाताला भिंतीवर ती लॅमिनेट केलेली बातमी. अर्जाचा विषय आला तेव्हा सचिवांनी ती वाचून दाखवली आणि म्हणाले, चित्रपट एकदा पूर्ण दाखवून झालेला आहे, गावानं कौतुक केलेलं आहे, पुन्हा दाखवायचं प्रयोजन नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, वार्ताहर साहेब इथेच आहेत.

सगळे माझ्याकडे बघत होते. मागे चटईवर शामकलाबाई आणि त्यांची टोळी बसली होती. अर्ध्या गावानं त्या दिवशी स्वतः डोळ्यांनी बघितलं होतं काय झालं ते. एवढं एक वाक्य बोललो असतो तरी झालं असतं.

मी फूल या हातातून त्या हातात घेतलं. पुढचा विषय नालीचा निघाला.

माझी मलाच शिसारी आली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर काही लिहिलं नाही. विवेक फोन उचलत नाही. त्याच्याच कॉलेजच्या शिपायाकडून कळलं की उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली, आणि धनेंद्रनं यंदा शामकलाबाईंच्या टोळीला बोलावलंच नाही. दुसऱ्या गावच्या बाया गाडीनं आणतोय. तीस वर्षांनंतर.

सकाळी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. शामकलाबाई घरी नव्हत्या. टोळी घेऊन आठ किलोमीटरवर कुठेतरी रोवायला गेल्या होत्या. रविता होती. मी बरंच बोललो. पानाची वेळ, खेमराज, घरचे संबंध, सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही माझा सिनेमा बघितला काय?"

नाही म्हटलं. आजपर्यंत नाही.

ती म्हणाली, "मग एक काम करा. माफी राहू द्या. सभागृहासमोर चला, मी फोनवर शूट करते. तुम्ही काही बोलू नका, फक्त बातमी वाचा. जशी लिहिली तशी."

कटिंग हातात देऊन मला कुलूप लावलेल्या दारासमोर उभं केलं. दुपारचे बारा वाजले होते, पानठेल्यावर पाच-सहा जण होते, त्यांत उदारामही. मी वाचायला लागलो. उत्साहात संपन्न झाले. उत्स्फूर्त प्रतिसाद. स्वतःचीच बातमी मोठ्यानं वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. वाचून झाल्यावर मी म्हटलं, आता दोन शब्द खुलाशाचे बोलतो, ही बातमी मी कार्यक्रमाआधीच... तर रवितानं फोन खाली घेतला होता.

"झालं, सर," म्हणाली.

घरी पोचायच्या आत धनेंद्रचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा घेतला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "जवाईबापू, तुमी आमच्या घरचं मीठ खाल्लं." मी म्हटलं, हो, खाल्लं. म्हणूनच एवढे दिवस गप्प होतो. मग त्यानं ठेवून दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

'रंगझाडी' उद्यापासून बंद. खेमराजनं व्हॉट्सॲपवर कळवलं, खाली हात जोडलेलं चित्र. कचारगडच्या यात्रेचं कव्हरेजही दुसऱ्याला दिलं. रुचि सकाळच्या बसनं माहेरी गेली. किती दिवसांसाठी ते बोलली नाही. दुधाची पिशवी कुठे ठेवायची ते मात्र सांगून गेली.

विवेक आला होता. यावेळी स्टुलावर बसला. म्हणाला, मुर्रीच्या सभागृहात पुढच्या रविवारी, सोळाला दाखवतोय, दुपारी चारला. बातमी देऊ नको. मी म्हटलं, देणार कुठे?

१६ फेब्रुवारी, रविवार

मुर्रीला तीनलाच जाऊन बसलो. पडदा बांधू लागलो, चटया टाकल्या. विवेकनं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दीडशेक माणसं आली. बोडीटोल्याच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या, हातापायांना चिखल तसाच. दुपारपर्यंत धानाच्या बांधीत रोवत होत्या.

सिनेमा बघितला. काय लिहू? वीस वर्षांत शेकडो वेळा लिहिलं, 'वास्तवाचे प्रभावी चित्रण'. आज ते लिहवत नाही. बाया चिखलात वाकल्यात, गाणं म्हणतात, एकमेकींची थट्टा करतात; एकीच्या पायाला जळू लागते तर सगळ्या हसतात. शामकलाबाई पेंढी सोडतात ती एका झटक्यात, आणि रोप कुठे लावायचं ते बघतसुद्धा नाहीत. मग दुपार होते. ओंजळी. सासूबाईंचा हात, त्यातल्या हिरव्या बांगड्या, आणि वरून पाण्याची धार. मागे मोहाच्या झाडाखाली खाट. खाटेवर पाय लांब करून मी.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विवेकनंही नाही. पडद्यावर मी शेंगा सोलून खात होतो.

त्यावरच पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच. मग कुलूपबंद दार, आणि दारासमोर पुन्हा मीच, हातात कागद. मी वाचतोय. 'उत्स्फूर्त प्रतिसाद'ला पहिला हशा आला. 'जागचा हलला नाही'ला तर लोक टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं होतं, लोक चिडतील, कोणी अंगावर येईल. त्याची मनाची तयारी होती. हसतील, याची नव्हती. मी मान खाली घालून चटईची वीण बघत राहिलो. नंतर सिनेमा पुढे सुरू झाला, उरलेले पाच दिवस, शेवटपर्यंत.

दिवे लागल्यावर शामकलाबाईंकडे गेलो. हात जोडले. म्हणाल्या, बसा, भाऊ. बसलो. माफीचं सुरू केलं तर हातानंच थांबवलं.

"थे जाऊ द्या. सिनेमा चालला म्हणून लिवलं, थे खोटं हाये हे आता साऱ्याइले मालूम झालं. पण मी रडली म्हणून काऊन लिवलं?"

मी म्हटलं, बाई, ते तसं लिहायची पद्धत आहे. आईचा सत्कार असला की लिहितोच आम्ही.

"मी नाई रडली," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं त्याइच्या बांधीत गेली. नवरा मेला त्याच्या पंधराव्या दिवशी रोवाले गेली. त्याइच्या समोर एक डाव नाई रडली. आता साऱ्या गावाले वाटते, शामकला रडली."

त्या बातमीतल्या एकेका खोट्याची मी महिनाभर मनात उजळणी केली होती. हे त्यात नव्हतंच. हे मला खोटं वाटलंच नव्हतं.

त्यांनी विचारलं, "थेवढं खोडता येते का?"

मी म्हटलं, छापलेलं खोडता येत नाही, बाई. त्या उठल्या. ट्रॉली निघायची होती, उद्या पहाटे पुन्हा बांधीत जायचं होतं.

त्या गेल्यावर विवेकला विचारलं, त्या दिवशी त्या काय करत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. आता पेपर नाही, सदर नाही, म्हणून इथे लिहितो.

बोडीटोला, १८ जानेवारी. सभागृहातला पडदा काळा झाल्यावर शामकलाबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, अंधारात चाचपून सोबतच्या बायांच्या चपला शोधून दिल्या, चटई गुंडाळून काखेत घेतली आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडल्या. ही माहिती विवेकनं दिली. प्रतिनिधी तिथे नव्हता.